जुन्या स्कूटरचे स्पेअर पार्ट



घरात अजून जुनी चेतक आहे?
किंवा कायनेटिक होंडा?
मग हे जरूर ऐका.

बजाजची चेतक आली १९७२ साली.
२००५ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं.
आज चेतक मिळते, पण विजेवरची.
तिचं सामान जुनीला कसं चालणार?
तिला इंजिनच नाही!

कानपूरच्या एलएमएल स्कूटरचा तर कारखानाच बंद पडला.

तरी चेतकवाले सुखी.
क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल…
लहान कारखाने अजून बनवतात.
पुण्यात नाना पेठेत चौकशी करा.

खरे हाल कायनेटिक होंडावाल्यांचे.
तिला गिअर नाहीत.
पट्टा आणि व्हेरिएटर यांवर ती पळते.
व्हेरिएटर झिजला, की शोधाशोध सुरू.

म्हणून दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या.
नुसतं नाव सांगून भागत नाही.
मॉडेल बदललं, की माप बदलतं.

ऑइल सील घेताना कड बोटाने वाकवून पाहा.
पडून राहिलेलं रबर कडक होतं.
बारीक चिरा दिसल्या?
पाकीट कितीही कोरं असो, परत द्या.

पुन्हा सांगतो,
जुना पार्ट सोबत न्या.
आणि गॅरेजवाल्याला तो आधीच मागून ठेवा.
नाहीतर संध्याकाळपर्यंत भंगारात गेलेला असतो.