बाणकोटचे पाद्री

वाढवणपासून तलासरीच्या डोंगरांपर्यंत ज्यांची वस्ती आहे, त्या वारली समाजावर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1843 मध्ये एक लेख छापून आला. लेखक डॉ. जॉन विल्सन, स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री. देव कोणता, लग्न कसं लागतं, असं विचारत त्यांनी उत्तरं टिपून घेतली. देव कोणता, तर वाघ्या!

याच भागात, डहाणूत, मिशनचं काम उभं राहिलं ते मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेही अमेरिकेच्या ब्रदरन मंडळींचं. विल्सन यांच्या पंथाची कोकणातली पहिली ठाणी होती पार दक्षिणेला, बाणकोट आणि हर्णैला.

पाद्री डोनाल्ड मिचेल 1823 च्या आरंभी मुंबईत उतरले आणि सावित्री नदीच्या मुखावरच्या बाणकोटला गेले. जागा निवडताना दैव आडवं आलं म्हणायचं. दक्षिण कोकणची जिल्हा कचेरी आदल्याच वर्षी बाणकोट सोडून रत्नागिरीला गेली होती. मिचेल त्याच साली वारले. मागून आलेल्यांनी शाळा काढल्या. स्वतः विल्सनही 1829 मध्ये हर्णैला राहून मराठी शिकले. पण तिथे शिकलेली भाषा वापरली मुंबईत. इतर पाद्री पुण्याकडे वळले आणि दोन्ही ठाणी मोडली.

श्रोतेहो, खुद्द स्कॉटलंडात खेड्यातली चर्चं बंद पडली ती निराळ्याच कारणानं. 1843 मध्ये पंथ फुटला, साडेचारशेच्या वर पाद्री बाहेर पडले आणि गावोगाव जुन्या चर्चसमोर नवं उभं राहिलं. विल्सनही फुटून निघालेल्यांतच होते. 1929 मध्ये बहुतेकांची दिलजमाई झाली, तेव्हा एका गावाला दोन-दोन इमारती उरल्या. मग भक्तांची संख्या घटली, तशी कित्येकांची घरं झाली.

आपल्याकडे दारं बंद होण्याआधी पाटीच बदलली. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल हे पंथ एक झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि त्यात ब्रदरनही सामील झाले. विल्सन यांचा वारसा आणि डहाणूचं मिशन असं एका छत्राखाली आलं. गुजरातेत मात्र काही ब्रदरन मंडळी वेगळी राहिली आणि मालमत्तेचा वाद कोर्टात गेला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावानं विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही.