कुंपणच शेत खाते तेव्हा



अंजनगाव सुर्जी हे विड्याच्या पानमळ्यांचे गाव. मळ्याला कुंपण किती आवश्यक, हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही. निसर्गाने शरीरालाही असेच कुंपण घातले आहे. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी 1882 साली तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झाल्या. रोगप्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल 1908 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या भक्षक पेशी जन्मजात पहारेकरी होत. त्या जंतू गिळतात, मृत पेशींचा केर उचलतात, जखम भरून आणतात. त्यांच्या जोडीच्या नैसर्गिक मारक पेशी बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करतात.

मग मुखाचा कर्करोग होतो कसा? तंबाखू, सुपारी व चुना रोज गालात धरल्याने तेथील नाजूक अस्तर सतत दुखावते, तंबाखूतील विषे पेशींच्या जनुकांत बिघाड करतात. जखम भरण्यास उसंत मिळत नाही आणि दाह कायम राहतो. गाठ धरली की ती रासायनिक संदेश धाडून भक्षक पेशींनाच आपल्या चाकरीस लावते. त्या तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साह्य करतात, पसरण्यास वाट करून देतात आणि मारक पेशींना थोपवतात. कुंपणच शेत खाऊ लागते! अमेरिकन वैद्यक हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी 1986 साली अशा गाठीची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली, ती यथार्थच होय.

फितूर झालेल्या या पेशींना पुन्हा ताळ्यावर आणण्याचे संशोधन जगभर चालू आहे. परंतु जखमच होऊ न देणे हा उपाय प्रत्येकाच्या हाती आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले, तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू व मुखकर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. भोजनोत्तर सुपारीला निरुपद्रवी मानणाऱ्या घरांनी हे ध्यानी घ्यावे.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, कमी उघडणारे तोंड यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू-सुपारीच्या त्यागाचा नियम मात्र आजच घ्यावा. पहारेकरी प्रामाणिक आहेत, तोवरच त्यांना साथ देण्यात शहाणपण आहे.