कठीण गणित सोपं करणारे स्टाइनमेट्झ



आज ऐकू या चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्याविषयी.
विद्युत अभियंते, सल्लागार आणि शिक्षक.

जन्म १८६५ चा, ब्रेस्लाऊ शहरातला.
आज हे शहर पोलंडमध्ये आहे.
तिथे ते गणित शिकत होते.
समाजवादी विचारांमुळे पोलीस मागे लागले.
पदवी हाती न येताच देश सोडावा लागला.

१८८९ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले.
पदवी नव्हती, पण गणित सोबत होतं.

त्या काळी एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विजेचा हिशेब फार किचकट होता.
या विजेची दिशा सतत उलटसुलट होते.
तिचा दाब आणि प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठतीलच असं नाही.
स्टाइनमेट्झ यांनी इथे संमिश्र संख्या, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर वापरल्या.
किचकट समीकरणांच्या जागी साधं बीजगणित आलं.

पुन्हा सांगते, त्यांनी कठीण गणित सोपं केलं.
माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम.
आपल्याकडचे विद्यार्थीही आज याच रीतीने गणितं सोडवतात.

पुढे ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सल्लागार झाले.
१९०२ पासून स्कनेक्टडी शहरातल्या युनियन कॉलेजमध्ये शिकवू लागले.
त्याच वर्षी हार्वर्डने त्यांना मानद पदवी दिली.
पदवीविना निघालेल्या माणसाला!

कारखान्यातले प्रश्न ते वर्गात आणत.
सोपं केलेलं गणित त्यांनी पुस्तकांतूनही शिकवलं.
शहराच्या शिक्षण मंडळाचे ते अध्यक्षही होते.
१९२३ मध्ये, स्कनेक्टडीतच त्यांचं निधन झालं.