ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्समध्ये पाणी शिरू देऊ नका
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषयाचा व्याख्याता. पेरणीची वेळ, बियाण्याचे प्रमाण, खताची मात्रा यांवर मी बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. आज मी गिअर बॉक्समधील तेलावर बोलणार आहे, आणि त्याचे कारण पेरणी हेच आहे.

आपल्या बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. आपण टँकरची वाट पाहणारी माणसे. त्यामुळे यंत्रात पाणी जाईल ही काळजी आपल्याकडे कोणी करत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणा, मांजरा आणि गोदाकाठ यांनी काय रूप दाखवले ते आपण पाहिले आहे. सोयाबीन आणि कापूस तर गेलेच. नंतर वाफसा आला, तेव्हा हातात उरला होता फक्त रब्बीचा हंगाम. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात उरकावी लागते. काळ्या जमिनीचा वाफसा फार दिवस थांबत नाही. अशा आठ दिवसांत ज्याचा ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उघडून पडला, त्याची पेरणी शेजाऱ्याच्या सवडीवर जाते. बैलबारदाना तर आता बहुतेकांनी मोडला आहे.

तेव्हा पाणी आत जाते कसे, हे आधी समजून घ्यावे.

ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स, मागचे डिफरन्शियल आणि लिफ्टचे हायड्रोलिक या तिन्हींचे तेल पुष्कळ ट्रॅक्टरांत एकच असते. म्हणजे एका ठिकाणी शिरलेले पाणी तिन्ही ठिकाणी फिरते. जेथे फिरता दांडा हौजिंगमधून बाहेर येतो, म्हणजे दोन्ही मागचे अॅक्सल आणि पीटीओ, तेथे ऑईल सील बसवलेले असते. या सीलची मुख्य ओठाची कड आतल्या बाजूला वळलेली असते. तिचे काम आतले तेल आत ठेवणे. बाहेरच्या बाजूला असलीच तर एक बारीक कड असते, ती धूळ अडवण्यापुरती. बाहेरून दाबाने येणारे पाणी रोखण्यासाठी हे सील केलेलेच नाही. आपण मात्र ते विहिरीच्या पंपाच्या सीलसारखे दोन्हीकडून घट्ट असते असे धरून चालतो.

आता मुख्य मुद्दा. दिवसभर नांगरट करून गिअर बॉक्स तापतो. आतल्या तेलाच्या वर हवा असते, तीही तापते. असा तापलेला ट्रॅक्टर ओढ्याच्या थंड पाण्यात घातला की आतली हवा आक्रसते. हवा ७० अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आली, तर बंद जागेत तिचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा भार. त्याचे १३ टक्के म्हणजे १.३ मीटर. मागच्या अॅक्सलचे सील मांडीभर पाण्यात जेमतेम वीतभर बुडते, आणि वीतभर पाण्याचा भार किरकोळ आहे. पण आतून ओढ लागली की त्याच सीलच्या दृष्टीने ते दीड मीटर खोल पाण्यात उभे असते. पाणी आत ढकलले जाण्यापेक्षा आत ओढले जाते, ते असे. म्हणूनच गार ट्रॅक्टर अर्धा तास पाण्यात उभा राहिला तरी कधीकधी काही होत नाही, आणि तापलेला ट्रॅक्टर दहा मिनिटांत पाणी पिऊन बाहेर येतो.

ही ओढ लागू नये म्हणून कारखान्याने ब्रेदर दिलेला असतो. गिअर बॉक्सच्या किंवा लिफ्टच्या वरच्या झाकणावर बारीक टोपीसारखा, काही ट्रॅक्टरांत तेल भरण्याच्या झाकणातच. हवा आत-बाहेर जाण्याची ती वाट. आपल्याकडच्या धुळीने आणि तेलाच्या थराने तो बुजलेला असतो. मेळाव्याहून घरी गेल्यावर आपला ब्रेदर कोठे आहे ते शोधावे. न सापडल्यास पुस्तिका पाहावी किंवा मिस्त्रीस विचारावे. तो काढून डिझेलमध्ये धुवावा, हवा मारावी, आणि फुंकर घालून वाट मोकळी झाल्याची खात्री करावी. हे काम वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास.

ज्यांची शेती ओढ्यापलीकडे आहे त्यांनी आणखी एक करावे. ब्रेदरच्या जागी त्याच आट्याची निप्पल बसवून तेलाला टिकणारी रबरी नळी वर, स्टिअरिंगच्या उंचीपर्यंत न्यावी. नळीचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी बांधावी. नळी कोठे दबू किंवा मुरडू देऊ नये. खर्च थोडा आहे, मिस्त्रीचे अर्ध्या तासाचे काम आहे. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरात पुढच्या अॅक्सलचे तेल वेगळे असते आणि तो अॅक्सल मागच्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे त्याचा ब्रेदर तर आधी पाहावा.

काही मंडळी पाण्यात जाण्यापूर्वी ब्रेदरला चिंधी किंवा स्क्रू ठोकतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. वाट बंद झाली की सगळी ओढ सीलवर येते. नंतर ट्रॅक्टर पुन्हा तापला की आतला दाब वाढतो आणि तेल सील ओलांडून बाहेर पडते, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरात ते ब्रेकच्या अस्तरावर जाते.

ओढा ओलांडण्यापूर्वी ट्रॅक्टर थांबवून हौजिंगवर तळहात ठेवावा. हात टिकत नसेल तर टिकेपर्यंत थांबावे. पाण्यात स्वतः पायी उतरून खोली आणि तळ पाहावा. खालच्या गिअरमध्ये, एका वेगाने, क्लच न दाबता पलीकडे जावे. मध्ये थांबू नये. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असताना ट्रॅक्टर घालूच नये. मोठी हवेची चाके पाण्यात हलकी होतात, रस्त्याची पकड सुटते आणि मागची ट्रॉली प्रवाहात आडवी होऊन ट्रॅक्टर ओढून नेते. तेथे गिअर बॉक्सचा प्रश्नच उरत नाही.

पूर तर क्वचित येतो. दरवर्षी न चुकता येतो तो दसरा. खंडेनवमीला औजारे पुजायची म्हणून आपण ट्रॅक्टर धुतो, आणि तो कसा? रानातून थेट नदीत, तापलेलाच, चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाण्यात तासभर उभा! वर पोरे बादल्यांनी पाणी मारतात. पाणी आत ओढून घेण्याची याहून चांगली व्यवस्था कोणी मुद्दाम केली नसती. धुणे अवश्य करावे, पण सकाळी, गार ट्रॅक्टर काठावर उभा करून. धुलाई केंद्रावर दाबाच्या पाण्याचा फवारा सील, ब्रेदर आणि गिअरच्या दांडीच्या बुडाशी रोखून मारू देऊ नये.

गिअरच्या दांडीचा उल्लेख केला, तेथे थोडे थांबतो. नदी न ओलांडणाऱ्यांच्या ट्रॅक्टरातही पाणी निघते, ते बहुधा येथून. दांडीच्या बुडाशी रबरी टोपी असते. उन्हाने ती तडकते. ट्रॅक्टर पावसाळाभर लिंबाखाली उघडा, आणि पावसाचे पाणी दांडीवरून ओघळून सरळ गिअर बॉक्समध्ये. ही टोपी फार महाग नसते. तडकलेली दिसताच बदलावी. तेल मोजण्याच्या पट्टीची रबरी कडी आणि तेल भरण्याचे झाकण हेही त्याच वेळी पाहावे. शेड नसेल तर निदान गिअर बॉक्सचा भाग ताडपत्रीने झाकावा.

क्लच कोरडा असतो, त्याची गोष्ट निराळी. क्लच हौजिंगच्या तळाला पुष्कळ ट्रॅक्टरांत एक भोक असते आणि त्यात सैल पिन लोंबते. पाणी-तेल झिरपून जावे आणि पिनेच्या हालचालीने भोक बुजू नये, अशी ती योजना आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीप गाड्यांना तर पाण्यात उतरताना या ठिकाणी बूच लावायचे आणि बाहेर येताच काढायचे अशी सोय होती. आपण निदान भोकातला चिखल काढावा. पाण्यातून आलेला ट्रॅक्टर तसाच चार-सहा दिवस उभा ठेवला तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते.

आता पाणी गेले की नाही हे ओळखावे कसे? तेल न भरता पट्टीवरील पातळी वाढली असेल तर समजावे की भर पाण्याची आहे. रात्रभर ट्रॅक्टर सपाट जागी उभा ठेवून सकाळी, सुरू करण्यापूर्वी, खालचे बूच थोडेसेच ढिले करावे. पाणी जड, ते तळाला बसते आणि आधी तेच येते. ते काचेच्या बाटलीत धरावे. तेल चहा-दुधासारखे किंवा ताकासारखे दिसत असेल तर पाणी तेलात घुसळले गेले आहे आणि ते बसून वेगळे होणार नाही. शंका राहिल्यास अंगणात लोखंडी तवा तापवून, तोंड दूर ठेवून, तेलाचे दोन थेंब टाकावेत. पाणी असेल तर चरचर होऊन बुडबुडे येतात, कोरड्या तेलाचा नुसता धूर निघतो.

दुधाळ तेल 'पुढच्या हंगामात बदलू' म्हणून ठेवू नये. पाणी मिसळलेले तेल दातांमध्ये आणि बेअरिंगच्या गोट्यांमध्ये पुरेसा थर धरत नाही, आणि ट्रॅक्टर उभा असताना गंज चढतो. लिफ्ट उचलायला कुरकुरते, पंप आवाज करतो, ती ही सुरुवात. तेल गरम असताना पूर्ण काढावे. नंतर डिझेल भरून ट्रॅक्टर फिरवण्याची पद्धत गावोगाव आहे, मला ती मान्य नाही. डिझेलने वंगण होत नाही, आणि कोपऱ्यात राहिलेले डिझेल नवे तेल पातळ करते. त्याऐवजी योग्य प्रतीचे थोडे स्वस्त तेल भरून, ओझ्याशिवाय, खालच्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटे चालवावे. लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करावी आणि ते तेल काढून टाकावे. फिल्टर बदलावा, जाळी धुवावी, मग पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे. लिफ्ट आणि गिअरचे तेल एकच असेल तेथे दुकानदाराने दिले म्हणून जाड गिअर तेल ओतू नये. काढलेले तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

ट्रॅक्टर पुरात पूर्ण बुडाला असेल तर तो सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढावी, फोटो काढावेत, विमा असल्यास कंपनीला कळवावे आणि मिस्त्रीला बोलवावे. अशा ट्रॅक्टरचे सर्व ठिकाणचे तेल चाचणीशिवायच बदलावे. रोटाव्हेटरच्या बाजूचा गिअर बॉक्सही त्यात धरावा. तेथे सीलभोवती गवत आणि सुतळी गुंडाळलेली असते, ती ब्लेडने कापून काढावी.

राहिली ट्रॉली. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे निघतात. उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर-ट्रॉली करारात बांधलेली असते. पावसाळ्यात ओढ्याकाठी बुडालेली तीच ट्रॉली, संसार आणि लेकरेबाळे वर बसवून, घाटातून जाते. तिच्या हबमध्ये पाणी गेले असेल तर ग्रीस पांढुरके, साबणासारखे झालेले असते. बेअरिंग तापून जाम होते ते भररस्त्यात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. खरखर लागली किंवा चाक हलले तर हब उघडावा, जुने ग्रीस पुसून काढून बेअरिंग धुवावे, वाळवावे, गोट्यांमध्ये नवे ग्रीस दाबून भरावे आणि सील नवे घालावे. हे टोळी निघण्याच्या आदल्या रात्री करू नये, किमान आठ दिवस आधी करावे. बेअरिंग बदलायचे निघाले तर तालुक्याच्या दुकानात त्या मापाचे लगेच मिळेलच असे नाही.