शेवटच्या कडव्यातली नावं



भाऊबीज आटोपली की तुमसरच्या आसपासच्या गावांत मंडई लागते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. हलका धान निघालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, लेकी-जावई आलेले असतात आणि घरात पाय ठेवायला जागा नसते. रात्री आखरावर दंडार, नाटक, नाहीतर दुय्यम खडी गंमत. दोन शाहीर समोरासमोर, एक कलगीचा, एक तुऱ्याचा. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा, आणि तोही रात्रभर उभ्यानं.

या शाहिरांची एक रीत मला फार मोलाची वाटते. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो, पण एकट्याचं नाही. आधी गुरूचं, मग गावाचं, मग ढोलकीवाल्याचं, झीलकऱ्यांचं. आपल्या नावाची थाप ढोलकीवाला जरा जोरातच मारतो.

ही रीत जुनी आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात होनाजी शिलारखाने लावण्या रचत आणि त्यांचे मित्र बाळा करंजकर त्या गात. रचणारा एक, गळा दुसऱ्याचा. होनाजींनी मित्राचं नाव आपल्या नावाला असं जोडलं की ‘होनाजी बाळा’ हा एकच माणूस असावा, असं आजही कित्येकांना वाटतं. मित्राचा याहून मोठा सत्कार मला तरी ठाऊक नाही.

2023 साली झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांना आपल्याच घरी काही आल्यासारखं वाटलं. तो आनंद खराच होता. पण दिल्लीपर्यंत एखादाच पोचतो. बाकीचे गावातच राहतात, धान कापतात, रोवणीला जातात आणि मंडईच्या रात्री आपल्याला जागं ठेवतात. आपल्यापैकी जे कुणी लिहितात, गातात, त्यांना पहिल्यांदा ‘हे लिहून ठेव गा बापू’ म्हणणारा माणूस बहुधा यांच्यातलाच असतो.

अशाच एका वयस्क शाहिरांची वही मी पाहिली. लांबट, हिशेबाची वही. पानांचे कोपरे बोटांच्या घामानं काळपट झालेले. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल कुठली ते लिहिलेलं, समासात साथीदारांची नुसती पहिली नावं. तारीख कुठेच नाही. एवढ्या वर्षांत त्यांना किती शाली आणि नारळ मिळाले असतील. कागद मात्र एकही जपलेला नाही.

आणि नेमका कागदच लागतो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. 2024 पासून तिच्यात दरमहा 5000 रुपये मिळतात. वय पन्नाशीच्या वर हवं, किमान 15 वर्षं कलेत गेलेली हवीत, आणि ती गेली याचा पुरावा हवा. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं गाण्यात गुंफली, त्याच्या नावाची साधी चिठ्ठी कुणी लिहून ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुख्य शाहिराचं नाव निदान पत्रकावर तरी छापून येतं. ढोलकीवाल्याचं, पेटीवाल्याचं, लुगडं नेसून नाचणाऱ्या पोऱ्याचं तेही येत नाही.

म्हणून मंडईच्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा पत्रक छापाल तेव्हा पार्टीतल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव छापा, आडनावासकट. कार्यक्रम झाला की गाव, तारीख आणि सही-शिक्का असलेलं प्रमाणपत्र प्रत्येकाच्या हाती द्या. फोटो काढाल त्याच्या मागं साल लिहा. घरातल्या शिकल्यासवरल्या पोरांनी आपल्या गावच्या एका तरी कलावंताचा अर्ज स्वतः बसून भरून द्यावा. शाल नंतर दिली तरी चालेल.