वल्हं बायकांच्या हातात

वेंगुर्ल्याला गेलात तर मांडवीच्या खाडीतलं कांदळवन होडीतून जरूर बघा. ही होडी वल्हवतात ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका. घरं मच्छीमारांची, पण पर्यटकांना फिरवायचं काम त्यांनी २०१७ पासून हाती घेतलं.

होडीला इंजिन नाही, आवाज फक्त वल्ह्याचा. तिवराच्या पानाला जीभ लावा, खारट लागेल. नको असलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं, शेंगेसारखं लोंबतं आणि मग चिखलात पडतं. माहेरचं बाळंतपणच म्हणा ना!

पूर्वी ही झाडं चुलीत जायची. पण मासळीची, खेकड्यांची पिल्लं याच मुळांत वाढतात. कांदळवन गेलं तर नवऱ्याचं जाळं रिकामं आणि बायकोची पाटीही. आता झाड उभं राहिलं तरच सफारीचे पैसे मिळतात. म्हणून तिकिटावरून घासाघीस नको, बाजारात मासळीवर करतो तेवढी पुरे!

होडी भरती-ओहोटी बघून निघते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. डोक्याला टोपी हवी. आणि प्लास्टिकची बाटली नेलीत तर ती परत घरी आणा.