तीन आवाजांची चिप

हेडफोन लावलेत ना? आज लावाच.

१९८२ साली अमेरिकेत कमोडोर ६४ नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. त्यात आवाजासाठी वेगळी चिप होती, सिड ६५८१. ती बनवणारा इंजिनिअर बॉब यानेस. गडी स्वतः सिंथेसायझरचा शौकीन, त्यामुळे नुसत्या बीप-बीपवर त्याचं भागणार नव्हतं. त्याने कॉम्प्युटरमध्ये चक्क एक छोटा सिंथेसायझरच बसवला.

पण एका वेळी आवाज किती? फक्त तीन. ड्रम, बेस, चाल, सगळं त्यातच. तीन सुरांचा एक कॉर्ड वाजवला की जागा संपली! मग ब्रिटनमध्ये गेमसाठी संगीत करणाऱ्या रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे या मंडळींनी काय करावं? एकाच आवाजात कॉर्डचे सूर पाळीपाळीने वाजवायचे, सेकंदाला ५० वेळा बदलत. कानाला वाटतं, सगळे एकदम वाजतायत. जुन्या गेममधला तो थरथरता 'टिर्रर्र' म्हणजे हाच.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. या चिपमध्ये एक दोष होता. व्हॉल्यूम बदलला की 'टक्' असा आवाज यायचा. व्हॉल्यूमच्या पायऱ्या १६. मग प्रोग्रामर लोकांनी ही टकटक सेकंदाला हजारो वेळा करून पाहिली, आणि त्यातून ड्रम वाजले, माणूस बोलला! बनवणाऱ्याने ठेवलाच नव्हता असा चौथा आवाज.

पुढे ८५८० ही सुधारित चिप आली. दोष जवळजवळ गेला, आणि त्याच्याबरोबर ते ड्रमही. म्हणजे वाजायचे, पण पार दबलेले. याला सुधारणा म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

त्यात ६५८१ चा फिल्टरही दर चिपला थोडा वेगळा. एकाने आपल्या मशीनवर जुळवलेली धून दुसऱ्याकडे घुसमटल्यासारखी वाजायची. आणि या धूनच्या फाइलमध्ये रेकॉर्डिंग नसतंच, असतात त्या चिपला दिलेल्या सूचना. त्यामुळे चिप बदलली की गाणं बदललं. या चिप बनणं केव्हाच बंद झालंय. एक जळाली की तिचा तो खास आवाज गेला.

हाय व्होल्टेज सिड कलेक्शनमध्ये ५० हजारांहून जास्त धून फुकट मिळतात. हबर्डची एखादी घ्या. प्लेअरच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा ६५८१ आणि ८५८० असे दोन्ही पर्याय असतात. आधी ६५८१ लावा.